दोन ओळी कमी

सुदाम गेला हे मला गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. सुदाम माझा भाचा, भावाचा मुलगा. मूळचा महाळुंगे पडवळचा, पुण्यात चित्रकार. बातमीखाली सगळ्यांनी हात जोडलेलं एकच चित्र पाठवलं होतं, एकाचं पाहून दुसऱ्याने. तो असता तर हे सगळं ओळीने भिंतीवर लावून त्यालाच चित्र म्हणाला असता. त्याचं कामच तसं. रंग नाही, माणूस नाही, नुसती अक्षरं... एसटीची पाटी, औषधाच्या पाकिटावरचा मजकूर, बँकेची नोटीस. मी एकदा म्हटलं, "सुद्या, एखादी गाय तरी काढ की." तो हसला. "गाय सगळ्यांना दिसती, आत्या. हे रोज डोळ्यापुढं असतं अन् कुणी वाचत न्हाई."

चार वर्षांपूर्वी तो माझ्याकडे डिंगोऱ्याला आला आणि म्हणाला, तुझ्या फोनवर महिनाभरात आलेले मेसेज उतरवून घेऊ का? मी फोन दिला. त्यात लपवण्यासारखं काय असणार? पुढे मला पुण्याला प्रदर्शनात घेऊन गेला. छतापासून जमिनीपर्यंत भिंतभर माझे मेसेज. रिचार्ज संपतोय, लोन मंजूर झालंय, ओटीपी कुणाला सांगू नका, प्रिय ग्राहक, प्रिय ग्राहक... वर नाव दिलेलं, 'आत्याला कोण लिहितं?' एक बाई वाचता वाचता म्हणाल्या, "बिचारीला विचारणारं कुणीच दिसत नाही." मी शेजारीच उभी होते.

मी चौथी शिकलेली, पण वाचता येतं. सगळी भिंत वाचली. पाय दुखायला लागले. मग त्याला बाजूला घेतलं. "कमलचे दोन मेसेज व्हते. ते कुठंयत?" कमल माझी लेक, चाकणला असते. तो खाली बघत म्हणाला, "आत्या, ते घातले असते तर कामाचा जोर गेला असता."

"मग हे खोटंय. माझी लेक जिती असून तू तिला पुसून टाकलंस."

त्यानंतर मी त्याच्याशी बोलले नाही. त्याचे फोन आले, उचलले नाहीत. शेवटी दवाखान्यात होता तेव्हाही गेले नाही. थकले होते हे खरं. राग होता, हेही खरं.

गेल्या आठवड्यात त्याच्याबरोबर काम करणारी मुलगी आली. त्याच्या आठवणीत प्रदर्शन करतायत, ती भिंत पुन्हा करू का, विचारत होती. मी नाही म्हटलं. तिने पिशवीतून त्याची वही काढली. माझे मेसेज तारखेवार, पेनाने लिहिलेले. त्यात कमलच्या दोन्ही ओळी होत्या. 'आई जेवलीस का' आणि 'फोन उचल ना'. खोडलेल्या. शेजारी परत लिहिलेल्या, परत खोडलेल्या. तिसऱ्यांदा खोडताना पेन इतकं दाबलं होतं की कागद फाटला होता.

चुकला तो चुकलाच. माणूस गेला म्हणून त्याचं बरोबर होत नाही. पण सहज चुकला नव्हता, एवढं मला कळलं... उशिरा कळलं.

"मग काय करू, आजी?" मुलीने विचारलं.

"भिंत नको. हे पान लाव. फाटलंय तसंच. चिकटवू नको."