वजनाची अट

‘तुझं काय बाबा, तू फिट आहेस,’ असं कोणी म्हटलं की त्याच्या कानाखाली जाळ काढावासा वाटतो. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. हळदीच्या मांडवात ऐकलंय, सलूनच्या खुर्चीत ऐकलंय, शिंप्यानं कमरेचं माप घेतानाही ऐकलंय. आणि खोटं कशाला बोलू, पस्तिशीपर्यंत मला ते आवडायचं. कंबर तिसाच्या वर गेली नाही, गालफडं बसलेली, गळ्याची हाडं वर आलेली, म्हणजे माणूस फिट. आमच्या उरणच्या बाजूला तब्येतीची परीक्षा एवढीच असते. पोट दिसलं की नापास, नाही दिसलं की पास.

माझं पोट शर्टातून दिसत नाही. शर्ट काढला की दिसतं. बेंबीभोवती मळलेल्या कणकेसारखा मऊ गोळा आहे आणि दंड असे की अंगठा आणि मधल्या बोटाच्या कड्यात मावतील. दोन जिने चढलो की मी कठड्याशी थांबून मोबाईल काढतो. फोन आलेला नसतो, धाप लपवायची असते. कंटेनर यार्डाच्या ऑफिसात बारा वर्षं खुर्चीत बसून गाड्यांच्या नोंदी टाइप करतोय. सकाळी चहा-खारी, दुपारी क्रीमची बिस्किटं, संध्याकाळी दोन वडापाव. अंगावर चढत नाही म्हणून कोणी हटकत नाही. जाड्या माणसानं दुसरा वडा उचलला की दहा जण त्याच्या ताटाकडे बघतात.

असा जाड माणूस आमच्या घरातच होता. दादा, माझा मोठा भाऊ, माझ्याहून सात वर्षांनी मोठा. मान नाहीच, खांद्यावर थेट डोकं, आणि पुढे पोट. गाव त्याला ढोल्या म्हणतं आणि तो हसून ओ देतो. बाबा गेले तेव्हा तो शाळा सोडून मिठागरात लागला आणि डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिल्या. त्या मिठावर मी पदवीधर झालो. पुढे मिठागरं भरावाखाली गेली आणि दादा दुसऱ्याच्या ट्रेलरवर ड्रायव्हर झाला. पगाराचा नेम नाही, झोपेचा नेम नाही. वहिनी मला वाढताना न चुकता म्हणायची, “भावोजी, खावा वो, तुमच्या अंगाला कायच लागत न्हाय.” आणि दादाच्या ताटातली भाकरी कमी करायची.

आमच्या आजोबांची जमीन प्रकल्पात गेली होती. त्याबदल्यात घराला एक दाखला मिळाला. तो ज्याच्या नावावर, त्याला भरतीत राखीव जागा. एका घराला एकच. दोन पिढ्या तो कपाटात पडून होता, कधी कोर्टात अडकला, कधी भाऊबंदकीत. अखेर मोकळा झाला त्याच सुमाराला जवळच्या एका जेट्टीवर कामगारांची भरती निघाली. कायमची नोकरी. दादाला वयाची अट दोनच वर्षांवर आली होती. मला अजून बराच अवकाश होता. दाखला कुणाच्या नावावर करायचा हे सांगायला कुणा शहाण्याची गरज नव्हती.

तरी बैठक बसली. काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, घरातले वडीलधारे म्हणून मध्ये बसले. दादा आणि वहिनी समोर. जाहिरात माझ्या हातात, कारण घरात वाचणारा मी. मी मोठ्यानं वाचत गेलो. शिक्षण वाचलं, वय वाचलं. पुढे ‘शारीरिक क्षमता चाचणी’ एवढे शब्द उच्चारले आणि काकांनी हात वर केला.

“थांब. मेडिकल हाय म्हंजे ढोल्या गेला. वजनावरून काढतील त्याला. पल्याडच्या आळीतला पोर भरतीला गेलता, पोट बगूनच परत धाडला.”

“मंग याचा नाव लावा,” वहिनी माझ्याकडे बघून म्हणाली. “भावोजी सडसडीत हायेत.”

दादा हसला आणि आपल्या पोटावर थाप मारली. “बरोबर हाय. हा ढोल कुठं घेतील?”

माझ्या हातातल्या कागदावर पुढची ओळ होती. उंची एवढी, छाती फुगवून एवढी, आणि पन्नास किलोची गोण खांद्यावर घेऊन ठरलेलं अंतर चालणे. वजनाची अट नव्हती. कुठेच नव्हती. मी ती ओळ डोळ्यांनी दोनदा वाचली, कागदाची घडी घातली आणि खिशात टाकली. मी खोटं बोललो नाही, अशी स्वतःची समजूत मी पुढे कित्येक दिवस घालत होतो. मला ती नोकरी हवी होती. यार्डातल्या खुर्चीचा वीट आला होता, ढोल्याचा धाकटा भाऊ म्हणून जगण्याचाही आला होता. आणि गोणीचं म्हणाल तर मनापासून वाटत होतं, मी बारीक आहे, मला काय जड?

सगळ्यांच्या संमतीनं दाखला माझ्या नावावर झाला. दादानं सही केली ती ट्रेलरच्या बॉनेटवर कागद ठेवून.

चाचणीला गेलो. आधी तपासणी होती. डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान असेल. तिनं मला अनवाणी एका यंत्रावर उभं केलं, हातात दोन दांडे दिले. कागद बाहेर आला तो तिनं वाचला आणि मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“वजन छान आहे तुमचं. पण आत चरबीच जास्त आहे. स्नायू फार कमी आहेत. काही व्यायाम?”

“गरज नाही पडली कधी.”

“बारीक असणं आणि तब्येत चांगली असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.”

शाळेतल्या मुलाला समजवावं तसं तिनं हे सांगितलं. मला तिचा असा राग आला की आभार न मानता बाहेर पडलो. मोठी आली शिकवणारी. पण गोणीआधी अंग मोकळं करायला मैदानाला फेरी मारायला लावली, तेव्हाच तोंडाला कोरड पडली, बरगडीखाली कळ आली, आणि माझ्यामागचे सगळे माझ्या पुढचे झाले. मग गोण. दोघांनी ती खांद्यावर चढवून दिली. मी बारा पावलं चाललो. तेराव्याला गुडघा वाकला आणि गोण माझ्याआधी जमिनीवर पोचली. कारकुनानं नावापुढे फुली मारली. कोणी हसलंसुद्धा नाही, आणि तेच जास्त झोंबलं.

घरी सगळे ओट्यावर वाट बघत होते. दादा गाडी सोडून आला होता. वहिनीनं विचारलं, “झाला ना भावोजी?” त्या क्षणी तोंडातून जे आलं ते आमच्या भागात सगळ्यात सहज पटणारं वाक्य होतं.

“वशिला लावला. बाहेरचे घेतले, आपल्याला काढलं.”

नाचता येईना, अंगण वाकडं. पण आमचं अंगण खरोखरच कोणीतरी घेतलेलं आहे, त्यामुळे ते वाकडं म्हटलं की गावाला लगेच पटतं. काका उठूनच उभे राहिले. “जमिनी आमच्या, नं नोकऱ्या दुसऱ्यांना?” दादा चपला घालून बाहेर गेला आणि दारोदार फिरून माणसं गोळा केली. माझ्यासाठी. मी आत जाऊन वहिनीनं वाढलेलं जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेटवर होतो. पन्नासेक माणसं असतील, बायका पुढे. सगळ्यात मोठा आवाज वहिनीचा होता. मी तिसऱ्या-चौथ्या रांगेत कुणाच्या तरी छत्रीच्या सावलीत उभा होतो आणि मनात म्हणत होतो, दोन घोषणा होऊ देत, एक निवेदन देऊ देत, मग घरी जाऊ. भरतीचे साहेब बाहेर आले. चिडलेले होते, पण घाबरलेले नव्हते.

“ह्यांच्यावर अन्याय झाला म्हणता? गोण आणा रे ती.”

दोन रखवालदारांनी वाळूची गोण आणून रस्त्यात टाकली. साहेबांनी समोरच्या वजनकाट्याकडे बोट केलं. “इथून तिथं आणि परत. त्यांनी आत्ता करून दाखवलं तर मी आत्ता घेतो. तुम्हा सगळ्यांदेखत.”

पन्नास माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली. पाठीत उसण भरलीय, असं मी पुटपुटलो. वहिनी ओरडली, “उचला भावोजी! दावा त्यांना!” मी पुढे झालो. वाकलो. गोण गुडघ्यापर्यंत आली, तिथून वर येईना. सोडून दिली. पुन्हा धरली, पुन्हा सोडली. आता मागून खुदखुद ऐकू आली, ती आमच्याच माणसांची.

तेव्हा दादा पुढे आला. तो रागानं लाल झाला होता, पण माझ्यावर नाही.

“साहेब, गोन जास्त भरलीय तुमी. आमच्या पोराला पाडाला. मी मिठागरान वाढलोय, मना खांद्यावर घेतली की वजन कळतं.”

“घ्या की,” साहेब म्हणाले.

दादानं चपला बाजूला काढल्या. एकट्यानंच गोण मांडीवर घेतली, मांडीवरून खांद्यावर. क्षणभर तसाच उभा राहिला. वजन जोखत होता. मी त्याचं तोंड बघत होतो म्हणून मला कळलं. लाली हळूहळू उतरली. गोण बरोबर होती. पन्नास, ना कमी ना जास्त. साहेबांना खोटं पाडायला तो गेला होता आणि खोटं निघालं दुसरंच काही. त्यानं तिथंच टाकली असती तरी चाललं असतं. पण तो चालायला लागला. पोट पुढे, पाठ ताठ, घाई नाही. वजनकाट्यापर्यंत गेला, वळला, परत आला आणि गोण आवाज न करता खाली ठेवली. घोषणा कधीच थांबल्या होत्या.

साहेब त्याच्याकडे बघतच राहिले. “तुम्ही का नाही अर्ज केला?”

काका मध्ये बोलले, “त्याला कुठं घेताव तुमी? वजनान बसत न्हाय तो.”

“वजनाची अट कुठाय? उंची, छाती आणि ही गोण. जाहिरातीत छापलंय.”

दादा श्वास घेत उभा होता. खांद्यावर वाळू लागली होती. त्यानं साहेबांकडे पाहिलं, मग काकांकडे, मग शोधत शोधत माझ्याकडे.

“जाहिरातीन व्हता का रं वजनाचा?”

तेव्हाही एखादी थाप सुचली असती. मला थापा सुचतात. पण गोणीनं दम काढला होता आणि मला नुसतं बसायचं होतं.

“नव्हतं,” मी म्हणालो.

दादा साहेबांकडे वळला आणि हात जोडले. “माफ करा साहेब. आमचा पोर नापासच हाय.” मग चपला घातल्या आणि घराच्या दिशेनं चालू पडला. माणसं पांगली. वहिनी माझ्याजवळ येऊन थांबली. मला वाटलं, थोबाडीत मारणार. मारली असती तर बरं झालं असतं. “भावोजी, आजपासून जेवाला येव नका,” एवढंच ती म्हणाली आणि निघून गेली.

चार दिवसांनी मी धावपळ करून कागद तयार केले. दाखला परत फिरवता येत होता, दुसरी भरती लवकरच निघणार असं ऐकत होतो, दादाला अजून वेळ होता. फक्त त्याची सही हवी होती. तो यार्डाबाहेर ट्रेलरखाली पाना घेऊन दुरुस्तीला आडवा झाला होता. मी वाकून म्हटलं, दादा, दाखला तुझ्या नावावर करायचाय. तो बाहेर आला, हात चिंधीला पुसले आणि म्हणाला, “वाच.”

मी वाचला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एक शब्द न गाळता. त्यानं सगळा ऐकून घेतला.

“आता तू वाचलेल्या कागदावर मी सही करनार न्हाय,” तो म्हणाला आणि पुन्हा ट्रेलरखाली गेला.

मी काकांकरवी सांगून पाहिलं, गावातल्या मास्तरांना कागद घेऊन पाठवलं. मास्तरांना त्यानं चहा पाजला आणि कागद तसाच परत दिला. मग मधल्या काळात ती दुसरी भरतीही होऊन गेली. दाखला माझ्याच नावावर आहे. दादाच्या वयाची अट गेल्या महिन्यात संपली.