सहा महिने पेल्याविना

"टीबी आहे. फुप्फुसाचा," डॉक्टर मॅडम कागदावरून नजर न उचलता म्हणाल्या. मग नजर उचलली. "पण बरा होतो. घाबरायचं नाही."

मी घाबरले नव्हते. घाबरायलाही अंगात थोडा जोर लागतो, आणि तो माझ्यात उरला नव्हता. दोन महिने खोकत होते. संध्याकाळ झाली की ताप चढायचा, सकाळी उशी घामानं ओली. मी गावात ब्लाउज शिवते. एका ब्लाउजला दोन दोन दिवस लागायला लागले, तेव्हा कुठं आमच्या ह्यांनी मला जीपमध्ये घालून लोहाऱ्याच्या दवाखान्यात आणलं. हे लोहारा ते माकणी जीप चालवतात. आमचं गाव त्याच रस्त्यावर आहे.

एक्स-रे झाला. मग सीबीनॅट नावाची तपासणी. थुंकी मशीनमध्ये घालतात आणि टीबीचे जंतू आहेत का, नेहमीच्या औषधाला ते दाद देतील का, हे बघतात. माझे जंतू दाद देणारे निघाले. तेवढीच काय ती त्या दिवसाची बरी बातमी.

औषध सहा महिन्यांचं. पहिल्या दोन महिन्यांना इंटेन्सिव्ह फेज म्हणतात, म्हणजे जंतूंवर जोराचा मारा. माझं वजन चव्वेचाळीस भरलं, त्या हिशेबानं रोज तीन गोळ्या. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला या गोळ्या सुरू झाल्या असतील तर एक सांगून ठेवते. लघवी केशरी होते. ते रक्त नसतं, औषधाचा रंग असतो. मला कुणी आधी सांगितलं असतं तर पहिल्या सकाळी मी मोरीत मटकन बसले नसते.

मॅडम म्हणाल्या होत्या, "निदान पहिले काही आठवडे मास्क लावा. बंद खोलीत लोकांमध्ये बसू नका. काही विचारायचंय?"

माझ्या मागं पंचवीस-तीस माणसं उभी होती. मी मान हलवली आणि उठले.

विचारायचं खूप होतं. पण काही गोष्टी मला माहीत आहेत असं मी धरून चालले होते. लहानपणी माझ्या मामाला टीबी झाला होता. त्याचा पितळी पेला गोठ्याच्या खुंटीला वेगळा टांगलेला असायचा. आम्ही पोरं त्या पेल्याकडं बघायलाही भ्यायचो. टीबी म्हणजे वेगळा पेला, एवढंच माझं शिक्षण. त्यामुळं घरी येताना माझ्या डोक्यात एकच विचार होता. रविवारी प्रभुभोजन आहे, आणि आमच्या चर्चमध्ये पेला एकच आहे.

जे आमच्यातले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. गावात आमची ख्रिस्ती घरं अकरा. चर्च म्हणजे पत्र्याची एक लांब खोली, दहा बाक, एक मेज, भिंतीवर लाकडी क्रूस. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी येतात. एरवीची उपासना पंच चालवतात, आणि त्या पंचांत आमचे हे एक. पहिल्या रविवारी प्रभूचं मेज मांडतात. रांगेनं पुढं जायचं, भाकरीचा तुकडा घ्यायचा, मग पाळकसाहेब पेला ओठाला लावतात. काळ्या मनुका उकळून केलेला रस असतो. तो रस बावीस वर्षं मी करत आले.

आणि आमच्याकडची एक रीत आहे. मनात कुणाविषयी तेढ असेल, भांडण मिटलेलं नसेल किंवा हातून काही मोठं पाप झालं असेल, तर मेजाकडं जायचं नाही. आधी समेट करायचा, मग जायचं. त्यामुळं रांग सुरू झाल्यावर जो बाकावर बसून राहतो, त्याच्याकडं सगळी मंडळी बघत नाही असं दाखवत बघते.

"मंडळीत सांगू नको इतक्यात," हे जीपमध्येच म्हणाले. "लोक बिथरतील. आदीच आपन मूठभर."

मी सांगितलं नाही. शनिवारी मनुकांची पुडी ह्यांच्या हाती माझ्या धाकट्या जावेकडं, रत्नाकडं पाठवली. "अक्काला बरं न्हाय, रस तू कर" एवढाच निरोप. रविवारी मी चर्चला गेले. मास्क लावला नाही. मॅडमनी बंद खोली म्हटलं होतं, पण चर्च मला बंद खोली वाटलंच नाही. ते मला घर वाटायचं. तिथं तोंड बांधून बसायचं हे मनातही आलं नाही.

रांग सुरू झाली. मी बसून राहिले. माझ्या बाकावरून सगळ्या उठल्या. रत्ना माझ्या गुडघ्यांना वळसा घालून गेली. पदरात तोंड खुपसून मी खोकले आणि स्वतःला शाबासकी दिली. म्हटलं, सरोज, तू आज चाळीस माणसं वाचवलीस.

त्या महिन्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सकाळी गोळ्या, मग मळमळ, मग झोप. तोंडाला धातूची चव. शेजारच्या शेतकऱ्याच्या सूनबाई शिवायला टाकलेलं कापड न शिवताच परत घेऊन गेल्या, त्याचंही वाईट वाटलं नाही, उलट बरं वाटलं. देवाशी बोलायचीही इच्छा होत नव्हती. डोळे मिटले की प्रार्थनेच्या आत झोप यायची.

पुढच्या महिन्यातही मी बसून राहिले. मग पाळकसाहेबांनी ह्यांना बाजूला घेऊन विचारलं, सरोजबाई मेजाकडं का येत नाहीत? आमच्या ह्यांना खोटं बोलता येत नाही आणि खरं बोलायचं नव्हतं. ते म्हणाले, "तिचं तिला ठाऊक."

झालं. बुधवारच्या बायकांच्या प्रार्थनासभेत एका बाईनं मोठ्या कळवळ्यानं प्रार्थना केली, की आमच्यातल्या एका बहिणीच्या मनातली तेढ, हे प्रभू, तू काढून टाक. सगळ्यांनी आमेन म्हटलं. सगळ्यांत मोठ्यानं मी म्हटलं. फुप्फुसात टीबी आणि मंडळी प्रार्थना करतेय मनातल्या तेढीसाठी. घरी येऊन मी हसले आणि मग रडू आवरेना. ज्यांच्यासाठी मी पेला सोडला, त्यांच्याच नजरेत मी पापी ठरले होते. आणि आजाराचं सांगितलं तर त्याच नजरेत मी मामा झाले असते.

दोन महिन्यांनी थुंकी पुन्हा तपासली. फॉलोअप म्हणतात, म्हणजे औषध लागू पडतंय का ते बघणं. जंतू दिसले नाहीत. गावातली आशाताई माझ्याबरोबर दवाखान्यात आली होती. आशाताई म्हणजे सरकारनं नेमलेली गावची आरोग्यसेविका. बाहेर कट्ट्यावर बसल्यावर मी तिला सहज विचारलं, "आता एका पेल्यातनं प्यालं तर चालंल का?"

मी वेडी असल्यासारखं तिनं माझ्याकडं पाहिलं. "मावशी, पेल्यानं कवा पसरतो टीबी? खोकल्यानं पसरतो, हवेतनं. पेलाबिला कायबी वेगळा करायचा नसतो. बंद खोलीत बसून खोकायचं न्हाय, एवढंच."

पहिल्या भेटीत हिनंच कॉन्टॅक्ट ट्रेसिंगसाठी, म्हणजे रुग्णाच्या आसपास कोण वावरतं ते शोधण्यासाठी, मला विचारलं होतं की घराबाहेर कुणाजवळ बसता-उठता? मी म्हटलं होतं, कुणाजवळ नाही. ह्यांची तपासणी होऊन त्यांना प्रतिबंधाच्या गोळ्याही मिळाल्या. आणि मी मात्र धुळीसाठी कायम बंद ठेवलेल्या खिडक्यांच्या त्या खोलीत, मंडळीच्या मधोमध बसून गीतं गायले होते. जे पहिले आठवडे जपायचे होते, तेव्हाही. ज्यानं काही होत नव्हतं ते सोडलं आणि ज्यानं होत होतं ते केलं.

आता सांगायला हवं, हे कळत होतं. पण जीभ उचलत नव्हती. आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी दुपारी रत्ना दारात आली. आमचं बोलणं दोन वर्षं बंद होतं. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांचं बायबल रत्नानं उचलून नेलं. त्या बायबलाच्या पहिल्या कोऱ्या पानांवर घरातले सगळे जन्म, बाप्तिस्मे, लग्नं आणि मृत्यू लिहिलेले आहेत. थोरली सून म्हणून ते माझं, असं मी म्हटलं. शेवटची तीन वर्षं सेवा मी केली, असं ती म्हणाली. ते खरं होतं, म्हणूनच मला जास्त झोंबलं. मी चारचौघांत नको ते बोलले. तेव्हापासून एका बाकावर बसायचो आणि सलामसुद्धा करायचो नाही. तरी दोघीही दर महिन्याला मेजाकडं जायचो, ते आमचं आम्हाला आणि देवाला ठाऊक.

तिनं सलाम केला. हातातलं फडकं सोडलं आणि बायबल माझ्या शिवणयंत्रावर ठेवलं.

"घ्या, अक्का," ती म्हणाली. "तुमचंच हाय. पन माज्यामुळं मेज सोडू नका. रस करायचाबी सोडलाव तुमी. मला झोप न्हाय दोन महिने. तुमी खरं वागलाव, मनात हाय तर गेल्या न्हाई. म्या मातर ढोंग करून पेला पीत होते."

बोलता बोलता ती खोकायला लागली. पदर तोंडाला लावून, वाकून.

"खोकला कधीपासून?" मी विचारलं.

"पंधरा दिस झालं असतील. जाईल की."

समोर बायबल, समोर तिचं माफी मागणारं तोंड, आणि तो खोकला. आयतं मिळालेलं मोठेपण घेऊन गप्प बसता आलं असतं. मी खाली बसले आणि म्हटलं, "रत्ना, तुझ्यामुळं न्हाय. मला टीबी हाय."

सगळं सांगितलं. मामाचा पेला, मास्क, खिडक्या, सगळं. ती ऐकत राहिली. मला वाटलं जवळ येईल. ती दोन पावलं मागं गेली.

"तुमी शेजारी बसून गात होताव," ती म्हणाली. "मला एका शब्दानं सांगितलं न्हाई. दोन वरसं बोलत न्हवतो म्हनून काय मी परकी झाले?"

आणि ती गेली. बायबल तिथंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी हे तिला जीपमधून लोहाऱ्याला घेऊन गेले. रिपोर्ट यायला दोन दिवस लागले. माझ्या स्वतःच्या रिपोर्टच्या वेळी मी दवाखान्याच्या बाकावर पेंगत होते. या दोन दिवसांत डोळ्याला डोळा लागला नाही. देवाशी बंद पडलेलं बोलणं सुरू झालं ते तेव्हा. आणि ते माझ्यासाठी नव्हतं. हिला काही होऊ देऊ नको, एवढंच परत परत.

तिचा खोकला साधा निघाला. रिपोर्ट निगेटिव्ह.

त्या रविवारी प्रार्थनेच्या विनंत्या विचारल्या तेव्हा मी उभी राहिले. मास्क लावून, दाराजवळच. चार वाक्यांत सांगितलं आणि क्षमा मागितली. सगळ्यांनी धावत येऊन मला मिठी मारली असं काही झालं नाही. एक बाई नातवाला घेऊन तडक बाहेर गेली. तीन घरं पुढचे दोन रविवार आली नाहीत. मला राग आला नाही. खरं म्हणजे राग यायलाही जोर लागतो. पण सगळ्यात म्हातारे पंच काठी टेकत उठले, भिंतीशी गेले आणि गंजलेल्या कड्या ठोकून एकेक खिडकी उघडू लागले. मग आमचे हे उठले आणि त्यांना मदत करू लागले. त्या खिडक्या आजही उघड्या असतात. धूळ येते आणि आम्ही झाडतो.

पुढच्या आठवड्यात आशाताईनं चर्चमध्येच सगळ्यांची तपासणी केली. कुणाला काही निघालं नाही. हे माझं नशीब, शहाणपण नव्हे, म्हणून सांगते. तुम्हाला टीबी निघाला तर डॉक्टरांना सगळं विचारा. मागची रांग थांबेल. आणि ज्यांच्यात तुम्ही रोज बसता त्यांना सांगा, आपली माणसं असतील तर आधी सांगा. मी उलटं केलं.

पेल्यानं काही होत नाही हे कळल्यावरही मी उरलेले चार महिने मेजाकडं गेले नाही. माझ्यानंतर जो पिईल त्याच्या मनात शंका नको म्हणून. गोळ्या संपल्या. शेवटची तपासणी झाली. मॅडमनी कागदावर बरी झाले असं लिहिलं. वजन एकोणपन्नास.

मग पहिला रविवार आला. रांग सुरू झाली. मी मुद्दाम सगळ्यांत मागं उभी राहिले, म्हणजे माझ्यानंतर कुणाला प्यावं लागू नये. माझ्या पुढं रत्ना होती. टीबीचं सांगितल्यापासून ती बोलत होती, पण जपून, कामापुरतं. तिनं मागं वळून पाहिलं आणि रांगेतून बाजूला झाली.

"अक्का, तुमी व्हा पुढं."

"राहू दे गं. तू जा."

"थोरल्या तुमी. व्हा."

मी पुढं झाले. भाकरीचा तुकडा घेतला. पाळकसाहेबांनी पेला माझ्या ओठाला लावला. सहा महिन्यांनी तो मनुकांचा रस जिभेला लागला आणि मला हुंदका आला. रीतीप्रमाणं पाळकसाहेब पेल्याची कड पुसायला फडकं घेऊ लागले. रत्ना थांबली नाही. तिनं दोन्ही हातांनी पेला धरला, जिथं माझे ओठ लागले होते तिथंच आपले लावले आणि उरलेला रस पिऊन टाकला.

बाकावर आम्ही शेजारी बसलो. तिनं पुढं बघतच हळू विचारलं, "लई गोड झालाय का?"

"व्हय," मी म्हटलं. "साखर जास्त पडलीय. पुढच्या महिन्यात मी करते."