खाडीच्या चिखलातले ग्रीक नाणे

त्या ग्रीक नाण्याचे प्रकरण मी विसरलेलो नाही. मुंबईच्या कोणा तज्ज्ञाने ते उलगडले, असे लिहिणाऱ्यांनी आमच्या ठाण्याची पायरीही पाहिलेली नव्हती. तपासी अंमलदार मी होतो.

स्वातंत्र्यानंतरची ती पहिली वर्षे. मी कल्याणला फौजदार होतो. एका प्रतिष्ठित वकिलांच्या संग्रहातून प्राचीन ग्रीक राजाचे काशाचे नाणे चोरीस गेले. जुनी भांडी मोडीत घेणाऱ्या मोडवाल्याने खबर दिली, की मिठागरावरचा एक मजूर तसेच नाणे विकू पाहत आहे. मी त्या मजुराला भर गावातून बेड्या घालून आणले.

"सायेब, मना खाडीचे चिखलान गावलं. मी चोर नाय." दिवसभराच्या चौकशीत त्याने एवढेच सांगितले. मी त्याला बडवला, असे काही माजी सहकारी आजही सांगतात. साफ खोटे आहे.

नाण्यावर राजाचे मुख, मागे जहाजाचा नांगर. वकील पाहताच म्हणाले, "माझेच!"

"फिर्यादीप्रमाणे आपले हिरवे होते ना?" मी विचारले. "हे तर लखलखते आहे."

"चोराने घासले असेल."

घासले होते खरे. मजुराच्या बायकोने, देवाच्या तांब्याबरोबर चिंच-मीठ लावून. पण वकिलांच्या वहीत त्यांच्या नाण्याचा ठसा होता. कागद ठेवून वरून शिसपेन्सिल फिरवून घेतलेला. तो मी पंचांसमोर ठेवला. पंचांत एक वृद्ध तांबट होते. त्यांनी नाणे ठशाशेजारी धरले.

"अहो फौजदारसाहेब, हे हातोड्याचे काम. साचा एक असला तरी घाव दर वेळी वेगळा पडतो. ठशात नांगराची कडी काठाबाहेर गेली आहे. या नाण्यात पुरी आहे. घासून कडी जाईल एकवेळ, नसलेली उगवेल कशी?"

मी म्हणालो, "वकीलसाहेब, आपण राजा ओळखलात, नाणे नाही."

मजुराला जायला सांगितले, तर तो उठेना. "गावाचे समोर धरून आणला, गावाचे समोरच सोरा."

हवालदार हसले. "आता याची वरात काढायची का, साहेब?"

"काढायची," मी म्हणालो.

दुसऱ्या सकाळी गणवेशात मी गावच्या देवळापुढे त्याच्याशेजारी उभा राहिलो आणि मोठ्याने सांगितले, "हा चोर नाही. चूक माझी." त्याची बायको पाण्याची कळशी खाली ठेवून ऐकत होती.

वकिलांचे नाणे मला कधीच मिळाले नाही. तेही लपवीत नाही. मात्र त्यानंतर सबंध नोकरीत, वस्तूची खात्री पटल्याखेरीज मी कोणाच्या हातात बेडी घातली नाही. ती काढायला किती माणसांसमोर उभे राहावे लागते, हे मला ठाऊक झाले होते.