दीडहातीला न विचारता दिलेला हात

गल्लीत तिला सगळे दीडहाती म्हणत, आणि हे नाव तिनंच स्वतःला ठेवलेलं होतं. दुसऱ्या कुणी ठेवायच्या आत आपणच ठेवून टाकावं, म्हणजे विषय संपतो, असं तिचं म्हणणं. नवं गिऱ्हाईक दुकानात शिरलं आणि त्याची नजर डाव्या बाहीवर अडखळली, की मान वर न करता ती म्हणायची, "दीडच हात आहे. टाके मात्र पूर्ण पडतात. काय आखूड करायचंय?"

दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. एक मशीन, एक टेबल, बटणांचे डबे आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. नवं शिवणं कमी, दुरुस्ती जास्त. पँटी आखूड करायच्या, कोटाचं अस्तर बदलायचं, जाकिटाला चेन बसवायची. चेनीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

एकोणिसाव्या वर्षी ती एका मोठ्या लाँड्रीत कामाला होती. तिथं हॉटेलांच्या चादरी दोन तापलेल्या रुळांमधून इस्त्री होऊन बाहेर पडत. एका चादरीबरोबर तिचा डावा हात आत गेला. कोपराखाली चार बोटं रुंदीचा तुकडा तेवढा राहिला. त्याला ती छोटा म्हणते. इस्पितळानं पुढे एक प्लास्टिकचा हात दिला, तो कपाटात बुटांच्या खोक्यात असतो. लग्नात, फोटोत आणि नव्या पाहुण्यांसमोर ती तो लावते, लोकांची जेवणं नीट व्हावीत म्हणून. कामाला बसली की हात काढून ठेवते. प्लास्टिकला कापड कळत नाही. छोट्याला कळतं. तो कापडावर दाबून धरला की शिलाई कुठं जाड झाली, आत टाचणी राहिली का, हे त्या कातडीला डोळ्यांच्या आधी समजतं. सत्तावीस वर्षांचं शिक्षण होतं ते.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, आता निवृत्त. एकुलती एक लेक कॉम्प्युटरवरचे गेम बनवणाऱ्या कंपनीत. ती गेममधली माणसं घडवते. त्यांची नाकं, चालणं, बाहीला पडणाऱ्या चुण्या. "आमच्या घरी देवाचं काम चालतं," नवरा लोकांना सांगायचा, "फक्त देवाला जेवायला वेळेवर घरी येता येत नाही."

तर या कंपनीचा एक गेम तीन वर्षं बनत होता आणि जगभरचे लोक त्याची वाट बघत होते. पुढच्या काळातलं शहर, रात्रंदिवस दिवे, आणि माणसं आपले धडधाकट हातपाय काढून यंत्राचे बसवून घेतात. लेकीनं त्या शहराच्या एका गल्लीत एक बाई बसवली. लोकांची फाटलेली जाकिटं शिवणारी. अख्ख्या शहरात ही एकटीच, जिला एक हात नाही आणि जिनं यंत्राचा घेतलेला नाही.

"का नाही घेतला?" आईनं विचारलं.

"तिला लागत नाही म्हणून."

 दुसऱ्या दिवशी दीडहातीनं दुकानाला कुलूप लावलं, जे ती तापातही लावत नसे, आणि लेकीबरोबर कंपनीत गेली. चेहऱ्यावर, मानेवर आणि छोट्यावर काळे ठिपके चिकटवून, गोल लावलेल्या कॅमेऱ्यांच्या मधोमध दिवसभर शिवत बसली, म्हणजे तिचा चेहरा आणि हालचाली गेममधल्या बाईत उतरतील. त्यासाठीच्या करारावर सही मात्र तिनं आधीच घरी, जेवताना केली होती. एक घास तोंडात, पेन हातात, ताट बाजूला सरकवून. वाचलं नाही. लेकीनं आणलेला कागद वाचायचा असतो, हे तिच्या डोक्यातही आलं नाही. ट्रेलर येईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, एवढंच लेक म्हणाली, आणि पोटात काही न राहणाऱ्या या बाईनं चार महिने तोंड शिवून ठेवलं.

पहिल्या ट्रेलरमध्ये ती चार सेकंद होती. निळा-गुलाबी उजेड, वाफा आणि कोपऱ्यात मशीनवर वाकलेली ती. कपाळावरची आठीसुद्धा तिचीच. छोट्यानं जाकीट दाबून धरलेलं. नवऱ्यानं अकरा वेळा लावून दाखवलं. बाराव्या वेळी त्याचं बोट घसरलं आणि खाली लोकांनी लिहिलेलं उघडलं.

'तीन वर्षं थांबलो ते ही थोटी म्हातारी बघायला?'

'भविष्यातलं शहर मागितलं होतं, शिवणक्लास नाही.'

'त्या शहरात भिकाऱ्यालाही यंत्राचा हात आहे, हिलाच का नाही? कुणाला तरी खूश करायला कोंबलीय.'

नवरा फोन बंद करायला लागला. "राहू द्या," ती म्हणाली, "माझ्याबद्दलच आहे ना, वाचू द्या." पानंच्या पानं वाचली. मधूनच कुणी तिच्या बाजूनंही लिहिलेलं होतं. 'किती शूर!' 'बिचारीला बघून डोळ्यांत पाणी आलं.' तिला पहिल्यांपेक्षा या दुसऱ्यांचाच जास्त संताप आला. "ह्यांना काय झालं रडायला? मी चेन बसवतेय. आणि म्हातारी कोण? बावन्न म्हणजे म्हातारी?"

त्या दिवसानंतर ट्रेलरची गोष्ट तिनं गल्लीत कुणाला सांगितली नाही. लेकही घरी गेमचं नाव काढेनाशी झाली.

दोन महिन्यांनी दुसरा ट्रेलर आला, तोही नवऱ्यालाच सापडला. रविवार, तिघंही जेवायला बसलेली. तीच गल्ली. गेमचा नायक येतो, गुडघा टेकतो, पेटीतून चांदीसारखा चमकता हात काढतो आणि शिवणाऱ्या बाईच्या कोपराला बसवतो. ती बोटं हलवून बघते. गालावरून पाणी ओघळतं. कुणा परक्याच बाईच्या आवाजात ती म्हणते, "आता मी पूर्ण झाले."

दीडहातीनं चमचा खाली ठेवला.

"हे मी कधी म्हटलं?"

"आई, ती तू नाहीस. ते पात्र आहे."

"आठी माझी, नाक माझं, डोळे माझे. पाणी तेवढं तुमचं. होय ना?"

"लोक फार चिडले होते गं. खेळणाऱ्याला काहीतरी करायला मिळायला हवं. तिला नुसतं बघून तो काय करणार? म्हणून मग ठरलं की हात मिळवून तिला द्यायचा."

"म्हणजे मी बिघडलेली होते, मला दुरुस्त केलं. ठरलं तेव्हा तू होतीस तिथं?"

लेक ताटातलं अन्न इकडचं तिकडं करत राहिली.

"होतीस का, विचारतेय."

"होते."

"मग काय बोललीस?"

"काही नाही."

"अगं, जेवू दे तिला," नवरा मध्ये पडला.

"तुम्ही गप्प बसा. लिफ्टमध्ये माणूस अडकला की तुम्ही आधी जेवून घेत होतात का?"

"एकदा घेतलं होतं," तो हळूच म्हणाला. कुणी हसलं नाही.

पुढचे आठ दिवस दीडहातीच्या दुकानात गिऱ्हाइकं दबकून येत होती. कैची टेबलावर आपटत होती, दोरा तुटत होता, आणि तुटला की ती दोऱ्याला अशा शिव्या घालायची, जणू दोराच त्या कंपनीत नोकरीला होता. हात गेल्याचं दुःख तिनं कधीच गुंडाळून ठेवलं होतं. पण आपल्या तोंडून कुणी आपल्याला न विचारता आभार मानून घ्यावेत, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

इकडे बाहेर दुसरंच पेटलं. ज्यांना खरंच हातपाय नाहीत अशा लोकांनी कंपनीला धारेवर धरलं. शहरात एकच बाई आमच्यासारखी होती, तिलाही तुम्ही पुसलंत. उलट बाजूनं ओरडा होता, गेम आहे, गेम राहू द्या. वर्तमानपत्रांतून विचारणा सुरू झाल्या. मग कंपनीला आठवलं की या बाईमागे एक खरी बाई आहे.

"एक मिनिटाचा व्हिडिओ," लेक म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "तू फक्त म्हणायचंस की तुला आवडलं."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर त्यांना वाटणार मीच तुला फूस लावली. आई, पुढच्या गेमची माणसं कुणी करायची ते याच महिन्यात ठरणार आहे."

दीडहातीनं लेकीकडे बघितलं. "पाठव त्यांना. पण दुकानात. कामाच्या वेळेला."

ते आले. कंपनीच्या वतीनं वर्तमानपत्रांशी बोलणारा एक गुळगुळीत गृहस्थ, एक कॅमेरावाला आणि मागे मान खाली घालून लेक. स्टुलावर गल्लीतला पोस्टमन नुसत्या शर्टात बसला होता. तिशीतला, उत्साही. त्याच्या गणवेशाच्या जाकिटाची चेन गेली होती आणि अर्ध्या तासात त्याला टपाल वाटायला निघायचं होतं.

गृहस्थानं पेटी उघडली. आत ट्रेलरमधला हात, खराखुरा बनवून घेतलेला.

"हा लावून बसलात तर फार छान दिसेल, मॅडम."

पोस्टमननं त्या हाताकडे बघितलं, मग तिच्याकडे. "मावशी, म्हणजे ती गल्लीतली बाई तुम्ही? त्या गेममधली?" आणि त्याचे कान लाल झाले. का, ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

दीडहातीनं हात लावला. पट्टे आवळले. हात जड होता. त्याच्या बोटांनी जाकीट धरून तिनं सुईखाली सरकवलं. कापड सटकलं. पुन्हा धरलं, पुन्हा सटकलं. तिसऱ्यांदा सुई थेट चेनीच्या दातावर आदळली आणि कटकन मोडली.

"घेतलंत ना कॅमेऱ्यात?" तिनं विचारलं.

"ते आपण काढून टाकू, मॅडम."

"का? हाच तो हात ना, जो लावून मी पूर्ण झाले?" पट्टे सोडून तिनं तो बटणांच्या डब्यांशेजारी ठेवला. "बरं, एक सांगा. हात बसवल्यावर ती बाई पहिलं काय शिवते?"

गृहस्थानं लेकीकडे बघितलं. लेक जमिनीकडे बघत म्हणाली, "काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"हात दिला की तिथलं खेळणाऱ्याचं काम संपतं. मग तिच्या दुकानाचं शटर खाली येतं. नंतर ती दिसत नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

दीडहाती उभी राहिली. आवाज चढला नाही, हीच घाबरण्यासारखी गोष्ट होती. "म्हणजे हात दिलात आणि काम काढून घेतलंत. वर तिनं रडून तुमचे आभार मानायचे. ऐका हो, माझा हात गेला तेव्हा मी रडले नव्हते. शुद्धीवर आल्यावर लाँड्रीचा मालक भेटायला आला आणि म्हणाला, बरी झालीस तरी आता येऊ नकोस, तेव्हा रडले. सहा वर्षं मला कुणी कापडाला हात लावू दिला नाही. शिवायला बसता यावं म्हणून मी काय काय केलं, ते ह्या पोरीला माहीत आहे. म्हणून तिनं ती बाई तशी केली होती. हे टाका तुमच्या व्हिडिओत. माझ्या तोंडून एवढंच मिळेल."

"हे वापरता येणार नाही, मॅडम. आणि करारावर तुमची सही आहे."

"आहे. चेहऱ्यासाठी केलीय. आवडलं असं म्हणायची सही कुठं आहे, दाखवा."

गृहस्थानं हात पेटीत ठेवला, पेटी मिटली आणि कॅमेरावाल्याला घेऊन तो बाहेर पडला. बाहेर गाडीनं हॉर्न दिला. लेक दारात थांबली होती.

"जा. गाडी खोळंबलीय," आई म्हणाली.

लेक गेली नाही. डब्यातून नवी सुई काढून तिनं मशीनला लावायला घेतली.

"घट्ट पिळ," आई म्हणाली. "अर्धवट सोडायची सवय आहे तुला."

त्याच दिवशी लेकीनं कंपनीला लिहून दिलं की एकतर बाईचं ते रडणं आणि वाक्य काढा, नाहीतर माझ्या आईचा चेहरा काढा. कंपनीनं सोपं होतं ते केलं. गेम बाजारात आला तेव्हा गल्ली तीच, गालावरचं पाणी तेच, वाक्य तेच, शटरही तेच. चेहरा मात्र दुसरा. तरुण, आठी नसलेला. लेकीला माणसांवरून काढून रस्त्यावरचे दिवे करायला बसवलं.

"चला, सुटलो एकदाचे," नवरा म्हणाला.

"कसले सुटलो? ही कोण?" दीडहातीनं फोनमधल्या नव्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"कुणी नाही, आई," लेक म्हणाली. "दहा चेहरे एकत्र करून बनवलीय."

"म्हणजे हिच्यासाठी भांडायला कुणी नाही. बरं केलंत." आणि ताट उचलून ती आत गेली.

आठवड्याभरानं पोस्टमन आला. पिशवीचा पट्टा तुटला होता. तो तिनं टेबलावर घेतला तरी पोस्टमन स्टुलावर बसेना.

"मावशी, ट्रेलरखाली ते शिवणक्लासचं मी लिहिलं होतं."

छोटा पट्ट्यावर तसाच थांबला.

"तुम्हाला ओळखलं नव्हतं, शपथेवर सांगतो. तीन वर्षं वाट बघितली होती, वाटलं सगळं झगमगीत असेल. तुम्ही आहात हे कळलं असतं तर नसतं लिहिलं."

"म्हणजे मी नसते, दुसरी कुणी असती, तर चाललं असतं."

 पोस्टमन अडखळत म्हणाला, "तो हात मी मिळवलाय गेममध्ये. पण दिला नाही तिला. पिशवीतच ठेवलाय. दिला की शटर पडतं ना. तोवर ती शिवत असते."

दीडहातीच्या जबड्याची शीर उडत होती. "देऊ नकोस," ती म्हणाली. "आणि ते लिहिलंयस ना, ते पुस."

"घरी गेलो की लगेच."

"आत्ता. माझ्यासमोर."

त्यानं फोन काढला. शोधायला वेळ लागला, ओळी फार होत्या. ती पट्टा दाबून धरून तशीच बसली. त्यानं पुसून स्क्रीन तिच्यापुढे धरली. तिनं खात्री केली, वर-खाली बघितलं, आणि मग पायडलवर पाय ठेवला.

"बस आता," ती म्हणाली. "वेळ लागेल."