पाडायच्या बिल्डिंगमध्ये नवा लाइट

१६ नोव्हेंबर, रविवार. हॉलच्या छतावरची ट्यूबची जुनी पेटी उतरवून तिथे एलईडी पॅनेल बसवायचं आहे, असं मी सकाळी चहाच्या वेळीच जाहीर केलं. नवऱ्याने कप खाली ठेवला आणि आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे म्हणतात तेच म्हटलं, "आता कशाला?"

आमची बिल्डिंग पाडून नवी बांधायची, असं सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरलं तेव्हा माझी मुलगी पाचवीत होती. आता ती पुण्यात नोकरी करते. मधल्या काळात बिल्डर बदलले, नकाशे बदलले, बिल्डिंग जिथल्या तिथे. पण ठरल्या दिवसापासून इथे कुणी साधा खिळा ठोकला नाही. फुटलेली लादी फुटकी, रंगाचे पोपडे तसेच, गळक्या नळाला चिंधी. जे काय करायचं ते नव्या घरात. पाहुणा खुर्चीत टेकायच्या आत आम्ही त्याला सांगतो, बिल्डिंग जाणार आहे हो.

मीही तशीच राहिले. पेटीतल्या दोन ट्यूबपैकी एक केव्हाच गेली होती. दुसरी टोकांना काळी पडलेली, मधेच फडफडायची; स्टार्टर फिरवला की तेवढ्यापुरती गप्प. त्याच उजेडात मी संध्याकाळी ब्लाउज शिवायचे. नवरा तळोज्याच्या कंपनीत आहे, घर त्याच्या पगारावर चालतं. पण शिवण हे माझं काम आहे.

दिवाळीआधी एकीचा काळा मखमली ब्लाउज शिवला. मखमलीची लव दोन्ही बाह्यांवर एकाच दिशेला हवी. मी एक बाही उलटी कापली. तिने आरशासमोर घालून पाहिला, तर एक बाही चमकतेय, दुसरी मळकट. "राहू दे काकू," ती प्रेमानेच म्हणाली, "तुमचं पण वय झालं ना आता." ब्लाउज तिथेच ठेवून गेली. त्याच संध्याकाळी नवऱ्याने दाराशेजारचा 'ब्लाउज शिवून मिळतील' हा बोर्ड काढून कपाटावर टाकला. म्हणाला, "खूप केलंस. आता डोळ्यांना आराम दे."

मी चष्म्याच्या दुकानात जाऊन आले. नंबर होता तोच. मग भर दुपारी तो ब्लाउज घेऊन गॅलरीत उभी राहिले. उलटी बाही हात लांब करूनही दिसत होती. म्हणजे वय झालं होतं ते ट्यूबचं.

सेक्टरमधल्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. पत्ता ऐकून म्हणाला, "मावशी, ती तुटणारी बिल्डिंग ना? नव्या घरात लावू की." तो आलाच नाही. मग हार्डवेअरवाल्याकडून ड्रिल भाड्याने आणलं.

"आमच्या प्लांटमध्ये परमिटशिवाय कुणी बल्बला हात लावत नाही," नवरा म्हणाला.

"मग द्या परमिट. आणि स्टूल धरा."

हॉलच्या लाइटचा फ्यूज काढून नवऱ्याच्याच खिशात टाकला. वायरला टेस्टर लावून खात्री केली. पेटी खाली घेतली तर जुने स्क्रू ज्यांत बसवले होते त्या छतातल्या लाकडी गुल्ल्यांचा भुगा झालेला. नवी भोकं पाडणं आलं. स्वयंपाकघरातल्या प्लगवर ड्रिल लावलं आणि सुरू केलं.

ज्या बिल्डिंगमध्ये वर्षानुवर्षं ड्रिल चाललं नाही तिथे तो आवाज म्हणजे दवंडीच. दोन मिनिटांत वरच्या मजल्यावरचे सेक्रेटरी दारात, त्यांच्यामागे जिन्यात आणखी चारजण.

"वहिनी, काय तोडताय?"

"तोडत नाही भाऊ, लावतेय. लाइट."

"आता कशाला? अहो, बिल्डरची माणसं पुन्हा बघायला येणारेत. नवीन काय दिसलं तर त्यांना वाटेल, ह्या मेंबरला जायचंच नाहीये. सगळ्यांचं काम अडेल."

"मग इतकी वर्षं काय माझ्या जुन्या ट्यूबमुळे अडलं होतं?"

जिन्यात कुणीतरी फिसकन हसलं. सेक्रेटरी नवऱ्याकडे वळले. "दादा, तुम्ही तरी समजवा."

"मी फक्त परमिट दिलंय," नवरा स्टूल न सोडता म्हणाला.

"मला जायचंय," मी वरूनच सांगितलं. "चावी मागाल त्या दिवशी देईन. पॅनेल स्क्रूवर आहे, काढून सोबत नेईन. पण तोवर मी इथे राहतेय आणि मला दिसलं पाहिजे."

आणि पुढचं भोक पाडायला घेतलं. पॅनेल बसलं, वायरी जोडल्या, फ्यूज परत लावला. बटण दाबलं तशी खोली एकदम लख्ख झाली, फडफड नाही की काही नाही. सेक्रेटरींनी एक पाऊल आत टाकून वर पाहिलं. "गरम होतं का हो हे?" नाही, म्हटलं. ते गेले.

"बाप रे, भिंती बघ," नवरा म्हणाला. जळमटं, तेलकट हातांचे डाग, ओल, सगळं दिसत होतं. "उद्या पुसून घे. पण लाइट आला म्हणून शिवण पुन्हा काढू नकोस हं."

मी स्टूल उचलून आत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तो फर्स्ट शिफ्टला गेला. भिंती मी पुसल्या नाहीत. ड्रिल परत करायच्या आधी दाराशेजारी दोन भोकं पाडली आणि बोर्ड या वेळी खिळ्यावर न टांगता स्क्रूने पक्का केला. मग लाइट लावला आणि उरलेल्या मखमलीतून नवी बाही कापायला घेतली.