सुनेची सरी

ग्रीसचा वास आला की मला सासरचा गुडघाभर ऊस आठवतो. पन्हाळ्याकडून गार वारं सुटलं होतं आणि लग्नानंतर पहिल्यांदाच मी सऱ्यांतून ट्रॅक्टर चालवत होते. मागं जोडलेला, माती भुसभुशीत करणारा कल्टिव्हेटर मात्र डावी-उजवीकडं झोकांड्या खात होता आणि बघता बघता त्यानं उसाची चार बेटं उपटली. बांधावरून सासरे गरजले, "उतर खाली! बाईमाणसाचं काम न्हाय हे!" मी इंजिन बंद करून उतरले, पण घरी गेले नाही. कल्टिव्हेटर हातानं हलवून पाहिला, तर त्याला दोन्ही बाजूंनी आवरून धरणाऱ्या साखळ्या सैल लोंबत होत्या. "मामा, साखळ्या ढिल्या हायत, मी न्हाय," म्हणत मी पाना घेतला, दोन्हीकडच्या साखळ्या सारख्या आवळल्या आणि पुन्हा सीटवर बसले. आता कल्टिव्हेटर सरीच्या मधोमध सरळ चालला. टोकाला पोचून मागं पाहिलं, तर एकही ऊस मोडला नव्हता. सासरे अख्खी सरी निरखत चालत आले. मग रस्त्यानं चाललेल्या एका अनोळखी माणसाला त्यांनी हाक मारून थांबवलं, "ओ पावणं, बघा की! आमच्या सुनेचं काम हाय हे!" आज गावातल्या निम्म्या उसाची मशागत माझ्याच ट्रॅक्टरनं होते, पण तेवढ्या मोठ्यानं माझं कौतुक पुन्हा कुणी केलेलं नाही.