सुमनचा करंडा

मैत्रिणींनो, आज दुपारी चामटोलीला गेले होते. जिवाला कंटाळलेल्या माणसांशी बोलायला आपण गावोगाव जातो, तशीच सुमनकडे. गेले दोन महिने ती धड जेवत नव्हती की बोलत नव्हती.

आज मात्र अंगण सारवलेलं, वेणी घातलेली, चेहऱ्यावर हसू.

"ताई, तुमच्या बोलण्याचा गुण आला," सासू म्हणाली. "सकालपासून घरातल्या वस्तू वाटत सुटलीय. कोंबडीपण शेजारणीला दिली. आता मला नको देऊन टाकू म्हणजे झाला."

आम्ही हसलो. निघताना सुमनने मला कुंकू लावलं आणि पितळी करंडाच हातात ठेवला. "न्या ताई. मला काय कराचाय आता?"

तिला वाईट वाटेल म्हणून मी तो घेतला. एसटीच्या थांब्यावर घाम पुसताना बोटाला कुंकू लागलं आणि मी हातातल्या करंड्याकडे पाहिलं. सवाष्ण बाई कुंकू लावते, करंडा देऊन टाकत नाही.

तशीच मागे फिरले. तिला बाजूला घेऊन सरळ विचारलं, "सुमन, जीव द्यायचं मनात आहे का?"

ती म्हणाली, "तुमाला कसा कलला?" आणि रडू लागली.

आता तिची बहीण सोबतीला आली आहे. उद्या मी सुमनला उल्हासनगरला डॉक्टरांकडे नेणार आहे. करंडा माझ्याकडेच आहे. "बरी झालीस की मागायला ये," म्हटलं. ती अजून हो म्हणालेली नाही.

तुमच्या ओळखीचं खूप दिवस गप्प असलेलं कुणी आज अचानक हसतंय का? त्यांना विचारलंत?